ग्राउंडला जाण्याआधीची गोळी : पेनकिलर, टेंडन आणि आतली दुरुस्ती

(या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे, फक्त अडखळणं काढून टाकलं आहे.)

कानात इअरफोन घालून ऐकताय की एसटीत बसून वाचताय माहीत नाही, पण आजचा विषय तुमच्यापैकी अनेकांच्या खिशात आहे. म्हणजे अक्षरशः खिशात. दहा गोळ्यांची पट्टी, त्यातल्या चार संपलेल्या. सकाळी रनिंगच्या आधी एक, मॅचच्या आधी एक, कधी रात्री झोपताना एक.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली, कबड्डीवाले, टेनिस बॉलचे बोलर, हाफ मॅरेथॉनची नावनोंदणी करून मग घाबरलेले ऑफिसवाले, असे सगळे माझ्याकडे येतात. मी विचारते, "काही औषध चालू आहे का?" उत्तर येतं, "नाही." मग पाच मिनिटांनी कळतं की दोन महिने रोज पेनकिलर चालू आहे. लोक तिला औषध मानतच नाहीत! मेडिकलमधून आणली, पाण्याबरोबर घेतली, पळायला गेले.

तर आज मला एवढंच सांगायचंय की ती गोळी दुखणं थांबवते तेव्हा आत टेंडनमध्ये काय होतं. आणि दुखणं थांबणं आणि दुखापत बरी होणं, या दोन वेगळ्या गोष्टी का आहेत.

गोळी नेमकं करते काय?

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, सेलेकॉक्सिब, एटोरिकॉक्सिब. नावं वेगवेगळी, घराणं एकच. यांना सूजविरोधी वेदनाशामक म्हणतात. पट्टीच्या मागचं बारीक अक्षर वाचा, यातलं एखादं नाव सापडेल. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतात. व्होवेरान म्हणजे डायक्लोफेनॅक. पॅरासिटामॉल एकटं असेल तर ते या घराण्यातलं नाही. दुखणं आणि ताप कमी करतं, पण सुजेवर त्याचा फारसा जोर चालत नाही.

गंमत बघा. ॲस्पिरिन बाजारात आली १८९९ साली. ती काम कशी करते, हे कळायला १९७१ उजाडलं. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी दाखवलं की ही औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होऊ देत नाहीत. १९८२ चं नोबेल त्यांना मिळालं, स्वीडनच्या बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएलसन यांच्यासोबत.

प्रोस्टाग्लँडिन तयार करणारं एक एन्झाइम आहे, त्याला कॉक्स म्हणतात. त्याचे मुख्य दोन प्रकार. कॉक्स-१ बारा महिने कामावर असतं; पोटाचं अस्तर जपणं, किडनीला रक्तपुरवठा नीट ठेवणं ही त्याची कामं. कॉक्स-२ बहुतेक ठिकाणी दुखापत झाली की जोरात कामाला लागतं. आपल्या गोळ्या या दोघांपैकी एकाला किंवा दोघांनाही गप्प बसवतात. प्रोस्टाग्लँडिन कमी झालं की ठणका कमी, सूज कमी. म्हणून बरं वाटतं.

पण प्रोस्टाग्लँडिन फक्त बोंब मारायला जन्माला आलेलं नाही. दुरुस्तीची माणसं बोलावणं हेसुद्धा त्याचंच काम आहे. इथून आपली गोष्ट सुरू होते.

टेंडन म्हणजे दोरी, पण जिवंत दोरी

स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी म्हणजे टेंडन. शाळेच्या पुस्तकात कंडरा असा शब्द होता. घरात आपण "शीर दुखावली" म्हणतो, ती बऱ्याचदा शीर नसते, हे टेंडनच असतं. टाचेच्या वर, पोटरीच्या खाली चिमटीत पकडा. ती जाड दोरी म्हणजे अकिलीस टेंडन. पळताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा-आठ पट ताण येतो. साठ किलोचा मुलगा पळतोय म्हणजे प्रत्येक पावलाला ही दोरी चार-पाचशे किलोचा ओढा सोसतेय.

ही दोरी मुख्यतः कोलॅजनच्या धाग्यांची. पेशी कमी, रक्तपुरवठाही कमी. म्हणून स्नायू दुखावला तर काही आठवड्यांत सावरतो, आणि टेंडन महिनोन्महिने रेंगाळतं.

२०१३ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी एक भन्नाट गोष्ट दाखवली. १९५५ ते १९६३ या काळात अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला होता. तो अन्नातून सगळ्यांच्या शरीरात गेला. कुठल्या उतीत तो किती शिल्लक आहे यावरून ती उती कधी बनली हे काढता येतं. अकिलीस टेंडनचा गाभा तपासला, तर तो साधारण वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत बनतो आणि त्यानंतर जवळपास बदलतच नाही, असं दिसलं.

विचार करा. भरतीला उभ्या राहणाऱ्या मुलाचं वय अठरा किंवा वीस. त्याच्या टाचेमागच्या दोरीचा गाभा बनून झालाय. साठाव्या वर्षीही याच दोरीवर तो जिना चढणार आहे. बूट बदलता येतात, ही दोरी नाही.

मग दुरुस्ती करतं कोण?

टेंडनमध्ये स्टेम सेल असतात का, हा प्रश्न बराच काळ लोंबकळत होता. २००७ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थच्या गटाने माणसाच्या आणि उंदराच्या टेंडनमधून अशा पेशी वेगळ्या काढून दाखवल्या. यान्मिंग बी आणि मरियन यंग ही त्यातली नावं. या पेशी स्वतःसारख्या आणखी पेशी बनवतात, आणि गरजेप्रमाणे टेंडनची पेशी बनू शकतात.

पण त्या आणखीही काही बनू शकतात. चरबीची पेशी. कूर्चेची पेशी. हाडाची पेशी. म्हणजे बारावी झालेल्या मुलासारखं: कुठल्या शाखेला जाईल हे आजूबाजूच्या वातावरणावर ठरतं.

हे वातावरण कोण ठरवतं? एक म्हणजे ताण. पिट्सबर्ग विद्यापीठात जियानयिंग झांग आणि जेम्स वाँग यांनी या पेशी प्रयोगशाळेत ताणून पाहिल्या. ४ टक्के ताणल्या तर त्या टेंडन-पेशी होण्याकडे वळल्या. ८ टक्के ताणल्या तर काही पेशी चरबी, कूर्चा, हाड यांच्याकडे भरकटल्या. दोघांत फरक काय? फक्त ताण किती, एवढाच.

दुसरं म्हणजे आपलं प्रोस्टाग्लँडिन, त्यातही प्रोस्टाग्लँडिन ई-२. याच दोघांनी २०१० मध्ये दाखवलं की उंदरांना पट्ट्यावर जोरात पळवलं की टेंडनमध्ये हे रसायन वाढतं. आणि ते पेशींवर भरपूर सोडलं तर पेशींची वाढ मंदावते, आणि त्या चरबी-हाडाच्या वाटेला लागतात. जुनाट दुखणाऱ्या टेंडनमध्ये चरबी आणि चुन्याचे खडे सापडतात, त्याचं एक कारण इथे असू शकतं.

आता तुम्ही म्हणाल, "मग बरंच आहे की ताई! प्रोस्टाग्लँडिन वाईट, गोळी ते कमी करते, म्हणजे गोळी चांगली."

थांबा.

२०१४ मध्ये चिनी संशोधकांनी टेंडनच्या स्टेम सेलवर सेलेकॉक्सिब टाकून बघितलं. पेशींची संख्या वाढायची थांबली नाही. पण टेंडन-पेशी होण्यासाठी लागणारी जनुकं आणि प्रथिनं घटली. म्हणजे कामगार हजर आहेत, पण त्यांना आपलं काम शिकता येत नाहीये. म्हणजे प्रोस्टाग्लँडिन फार झालं तरी गडबड, आणि ते दाबून टाकलं तरी गडबड. भाजीतल्या मिठासारखं.

हे सगळं प्रयोगशाळेतल्या बशीत झालं, हे मात्र लक्षात ठेवा. बशीतली पेशी म्हणजे माणूस नव्हे.

सगळा खेळ वेळेचा

टेंडन दुखावलं की दुरुस्ती साधारण तीन टप्प्यांत होते. पहिले काही दिवस सूज: रक्तातल्या पेशी येतात, मोडतोड साफ करतात, पुढच्यांना हाक मारतात. मग काही आठवडे भराव: घाईघाईत, आडवंतिडवं कोलॅजन टाकलं जातं. आणि मग कित्येक महिने घडण: ते धागे ताणाच्या दिशेने सरळ होतात, घट्ट होतात.

पहिल्या टप्प्यातली सूज म्हणजे घर बांधताना दारात पडलेली खडी-वाळू. दिसायला पसारा. पण ती उचलून फेकली तर भिंत कशाने बांधणार?

स्वीडनमध्ये पेर आस्पेनबर्ग यांच्या गटाने २००४ साली हेच उंदरांवर तपासलं. अकिलीस टेंडन कापलं आणि पॅरेकॉक्सिब नावाचं याच घराण्यातलं औषध दिलं. सुरुवातीच्या दिवसांत दिलं तर नवी दोरी कमजोर झाली. तेच औषध उशिरा, घडणीच्या काळात दिलं तर दोरीचा दर्जा उलट सुधारला. औषध एक, प्राणी एक, फरक फक्त तारखेचा. न्यूयॉर्कच्या संशोधकांनी २००६ मध्ये उंदरांच्या खांद्याचं टेंडन हाडाला शिवून इंडोमेथॅसिन आणि सेलेकॉक्सिब देऊन पाहिलं. दोन्हींनी जोड कच्चा ठेवला.

माणसांचं काय? २०१८ मध्ये दक्षिण कोरियात खांद्याचं टेंडन दुर्बिणीने शिवलेल्या रुग्णांना तीनपैकी एक औषध दिलं गेलं: सेलेकॉक्सिब, आयबुप्रोफेन किंवा ट्रॅमाडॉल. पुढे तपासलं तेव्हा सेलेकॉक्सिबच्या गटात शिवण पुन्हा फाटण्याचं प्रमाण बरंच जास्त होतं. आयबुप्रोफेनच्या गटात तसं दिसलं नाही. शेवटची तपासणी सगळ्यांची झाली नव्हती, म्हणून यावरून एकदम निकाल लावू नका. पण ऑपरेशन झालेल्याने आपल्या सर्जनला हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

आणि जखमच नसेल, नुसतं पळणं असेल तर? २०११ चा डेन्मार्कचा प्रयोग. धडधाकट तरुण ३६ किलोमीटर पळले. काहींना इंडोमेथॅसिन, काहींना नुसती दिखाऊ गोळी. तीन दिवसांनी गुडघ्याच्या वाटीखालच्या टेंडनभोवती नवं कोलॅजन किती बनतंय ते मोजलं. दिखाऊ गोळीवाल्यांमध्ये ते वाढलं होतं. औषधवाल्यांमध्ये वाढलं नाही.

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपण पळतो कशाला? शरीराने जुळवून घ्यावं, दोरीची ताकद वाढावी म्हणून. आणि गोळी घेऊन त्याच हिशेबातली जमेची बाजू खोडतो.

जुनं दुखणं वेगळं

इथे बहुतेकांची गफलत होते. तीन महिने टाच दुखतेय, सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं लंगडत जातात. लोक म्हणतात, "टेंडनला सूज आहे." पूर्वी डॉक्टरही टेंडिनायटिस म्हणायचे, म्हणजे टेंडनचा दाह. पण १९९९ मध्ये स्वीडनच्या होकान आल्फ्रेडसन यांनी जुनाट दुखणाऱ्या अकिलीसच्या आतलं द्रव तपासलं, तर प्रोस्टाग्लँडिन ई-२ वाढलेलं नव्हतंच! वाढलं होतं ग्लुटामेट, वेदनेचा निरोप पोचवण्याशी संबंध असलेलं रसायन. अशा टेंडनमध्ये धागे विस्कटलेले असतात, दुरुस्ती अर्धवट राहिलेली असते. म्हणून आता टेंडिनोपथी हा शब्द वापरतात.

आता सांगा, जे वाढलेलंच नाही ते कमी करणाऱ्या गोळीने काय साधणार? २०२१ मध्ये डेन्मार्कमध्ये अकिलीसचं दुखणं नुकतंच सुरू झालेल्या लोकांवर चाचणी झाली. सगळ्यांना व्यायाम दिला. निम्म्यांना सोबत एक आठवडा नेप्रोक्सेन, निम्म्यांना दिखाऊ गोळी. दोन्ही गट सुधारले, सारखेच. गोळीने वेगळी भर घातली नाही.

याच आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये पंधरा हौशी धावपटूंना बारा आठवडे एक साधा व्यायाम दिला. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून उभं राहायचं आणि टाच सावकाश खाली सोडायची. दिवसातून दोनदा. पंधराही जण पुन्हा पळायला लागले. पुढच्या सगळ्या अभ्यासांत एवढं छान चित्र दिसलं नाही, पण टेंडनला हळूहळू भार देऊन बरं करायचं हा रस्ता तिथून पक्का झाला. खर्च किती? एक पायरी.

एक प्रश्न आला होता

एका मुलाचा व्हॉइस मेसेज आहे, नाव घेत नाही. "ताई, ग्राउंड दीड महिन्यावर आलंय. १६०० मीटरचा टाइम गोळी घेतली की निघतो, नाही घेतली की टाच पळू देत नाही. गोळी बंद केली तर प्रॅक्टिस बुडते. काय करू?"

भावा, तुझी अडचण खरी आहे. १६०० मीटरमध्ये काही सेकंदांवर मार्क जातात, आणि पुढची भरती कधी निघेल कोण सांगणार? घरचे वाट बघतायत. त्यामुळे "आराम कर" असं सांगून मी मोकळी होणार नाही. टेंडनला नुसता आराम मानवतही नाही. दोन आठवडे झोपून काढलेस तर ते आणखी ढिलं पडेल.

पण हिशेब बघ. गोळीने तुझी टाच बरी होत नाहीये, फक्त तक्रार बंद होतेय. तक्रार बंद म्हणून तू रोज पूर्ण जोराने पळतोस. मघाचे ४ टक्के आणि ८ टक्के आठव. वेदना हा तुझा एकमेव मीटर आहे, आणि तूच त्यावर फडकं टाकतोयस.

मी काय करते सांगते. दुखण्याला दहापैकी मार्क द्यायचे. व्यायाम करताना पाचपर्यंत चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या सकाळएवढंच हवं. वाढलं असेल तर कालचा भार जास्त झाला. हा मीटर गोळी घेतल्यावर चालत नाही. वेगाचं पळणं आठवड्यातून दोनदाच, मध्ये किमान दोन दिवस सोडून. बाकी दिवशी सायकल किंवा पोहणं, म्हणजे दम टिकेल. टाचा उचलण्याचा व्यायाम आधी दोन पायांवर, मग एका पायावर, मग पाठीवर दप्तरात पुस्तकं भरून. सावकाश: तीन सेकंद वर, तीन सेकंद खाली. चढावर पळणं आणि उड्या सध्या बंद.

दीड महिन्यात टाच शंभर टक्के बरी होईल असं वचन मी देत नाही. पण आजच्यापेक्षा जास्त भार सोसेल, एवढं नक्की शक्य आहे. जवळच्या फिजिओला एकदा प्रत्यक्ष दाखव. टेंडनला हात लावून बघावं लागतं, ते मोबाइलवरून होत नाही.

मग गोळी घ्यायचीच नाही का?

तसं मी म्हणत नाही. दुखण्याने रात्रभर झोप नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन-चार दिवस घेणं हा गुन्हा नाही. संधिवातासाठी कुणाला रोजची गोळी दिली असेल, हृदयासाठी ॲस्पिरिन दिली असेल, तर हा भाग ऐकून ती बंद करू नका. त्यांचा आजार वेगळा, हिशेब वेगळा.

पण हे पाळा.

पळण्याआधी "दुखू नये म्हणून" गोळी नको. ताज्या दुखापतीत पहिले काही दिवस बर्फ, दाबून बांधलेली पट्टी, पाय उंच ठेवणं. गोळी लागलीच तर पॅरासिटामॉल चालेल का हे डॉक्टरांना विचारा. तेही मोजून, जास्त झालं तर यकृताला महागात पडतं. दोन वेगळ्या पट्ट्यांमध्ये तेच औषध नाही ना, हे बघा.

उपाशीपोटी, घामाघूम, पाणी न पिता पळणं आणि वर पेनकिलर, हे किडनीसाठी धोक्याचं. काळी शौच, पोटात जळजळ, लघवी कमी होणं, असं काही दिसलं तर गोळी बंद आणि थेट डॉक्टरकडे.

पावसाळ्यात ताप आला आणि अंग मोडून निघालं, तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन अजिबात नको. रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आणखी एक, सहसा कुणी सांगत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स चालू असतील तर टेंडन तुटण्याचा धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्ये त्यांच्यावर ठळक इशारा छापायला लावला. ती चालू असताना टाच दुखायला लागली तर पळणं थांबवा आणि डॉक्टरांना कळवा.

आणि पळताना मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं, "टक्" असा आवाज आला आणि आता चवड्यावर उभं राहता येत नाही, तर चोळायचं नाही, मालिश नाही, गोळी घेऊन झोपायचं नाही. त्याच दिवशी हाडाच्या डॉक्टरकडे. टेंडन तुटलेलं असू शकतं.

जाता जाता

हा भाग तुमच्या ग्राउंडच्या ग्रुपवर टाका. विशेषतः ज्याच्या खिशात पट्टी असते त्याला. आणि उद्या सकाळी एकदा गोळी न घेता पहिली दहा पावलं चाला, दुखण्याला दहापैकी मार्क द्या आणि ते वहीत लिहा. तारखेसकट. आठवडाभराची ती नोंद घेऊन फिजिओकडे गेलात तर निम्मी तपासणी तिथेच होते.

पुढच्या भागात बोलू बुटांबद्दल: महाग बूट घेतल्याने टाच वाचते का? तुमचे प्रश्न व्हॉइस मेसेजने पाठवा, मी सगळे ऐकते. तोपर्यंत काळजी घ्या, पाणी प्या, आणि पळा. भेटू.